दोन भिंतींमधला बोळ

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं कुठे, यावर घरोघरी वाद रंगतात. कुणाला महाबळेश्वर हवं असतं, कुणाला आजोळ. आज मी तुम्हाला जिथे नेणार आहे, तिथे जायला रिझर्वेशन लागत नाही, एसटीत खिडकीची जागा पकडावी लागत नाही आणि डब्यात पुरी-भाजी बांधून घ्यायचीही गरज नाही. कारण ते ठिकाण तुमच्याच अंगावर आहे. डाव्या मनगटाच्या थोडं वर, कातडीवर, पेनाने एक बारीकसा ठिपका काढा पाहू. काढलात? आपल्याला त्या ठिपक्याच्या खाली उतरायचंय.

अट एकच. लहान व्हावं लागेल. थोडंथोडकं नाही, सात कोटी पट लहान! तुमची उंची १४० सेंटिमीटर असेल तर ती उरेल २० नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एवढे लहान झालात की पाण्याचा एकेक रेणू तुम्हाला गोटीएवढा वाटेल. आणि या गोट्या स्वस्थ नसतात बरं का! त्या चहूबाजूंनी सतत धडका देत असतात. त्यामुळे या प्रदेशात कुणी सरळ चालत नाही. सगळे जण जत्रेतल्यासारखे ढकलले जात, धक्के खात पुढे सरकतात. तुम्हीही तसेच चला.

कातडीचा वरचा पापुद्रा जाडीला साधारण एक दशांश मिलिमीटर. आपल्या नव्या मापाने सात किलोमीटर! त्यातही वरवरचे थर मेलेल्या पेशींचे, कौलांसारखे एकावर एक रचलेले. तिथे पाहण्यासारखं काही नाही, सरळ खाली जाऊ. तळाशी जिवंत पेशींची वस्ती लागते. त्यातली एक पेशी म्हणजे पाऊण-एक किलोमीटर पसरलेलं गावच समजा. मध्यभागी केंद्रक; त्यात डीएनए, म्हणजे गावाचं सगळं दप्तर. आणि केंद्रकाच्या भोवताली ते लांबट, वळवळते वाडे दिसतात ना, त्या तंतुकणिका.

तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात तंतुकणिकेबद्दल ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असं लिहिलेलं असतं. परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. आपण मात्र जरा आत डोकावू. हा वाडा सत्तरएक मीटर रुंद आणि त्याहून बराच लांब आहे. त्याला भिंती दोन. एकीच्या आत दुसरी. बाहेरची भिंत अर्धा मीटर जाड; जुन्या वाड्यांच्या असायच्या तशी. तिच्यात जागोजागी झरोके आहेत. साखरेचे तुकडे, क्षार, असे किरकोळ रेणू त्यातून बिनदिक्कत ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना मात्र झरोक्यातून मज्जाव. आतली भिंत त्याहून कडक, आणि ती सरळ नाही. आतल्या आत तिला इतक्या घड्या घातल्या आहेत की वाड्यात एखादं भलंमोठं नऊवारी लुगडं कोंबून भरल्यासारखं वाटावं.

या दोन भिंतींच्या मधे एक चिंचोळी जागा राहते. जेमतेम मीटर-दीड मीटर रुंदीची. पुण्याच्या पेठांतले बोळ ज्यांनी पाहिले असतील त्यांना कल्पना येईल. समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. आपला मुक्काम या बोळात. आणि ज्याला भेटायला आपण एवढा प्रवास केला, तो इथला रहिवासी म्हणजे सायटोक्रोम-सी.

तो बघा! फुटबॉलएवढा, गोलमटोल. खऱ्या मापाने सुमारे तीन नॅनोमीटर. एक नाही, असे कितीतरी आहेत. काही बोळात, बरेचसे आतल्या भिंतीच्या घड्यांमधल्या कोनाड्यांत. हा एक प्रथिनाचा रेणू आहे. माणसाच्या सायटोक्रोम-सीमध्ये अमिनो आम्लांचे १०४ मणी एका दोऱ्यात ओवलेले असतात आणि ती माळ एका चपट्या चकतीभोवती गुंडाळलेली असते. चकतीच्या मधोमध लोहाचा एकच अणू. या चकतीचं नाव ‘हीम’. रक्तातल्या हीमोग्लोबिनमध्येही हिचीच सख्खी बहीण असते आणि म्हणून रक्त लाल. सायटोक्रोम-सीचे पुष्कळ रेणू पाण्यात एकत्र केले तर ते पाणीही लालसर दिसतं. चकती सुटून पडू नये म्हणून १४व्या आणि १७व्या मण्याने तिला दोन पक्के टाके घातलेले असतात. शिवाय १८वा मणी एका बाजूने आणि ८०वा दुसऱ्या बाजूने लोहाला धरून ठेवतो. बाहेरून पाहिलं तर चकतीची फक्त एक कड दिसते. बाकी सगळी झाकलेली. ती उघडी कड लक्षात ठेवा. सगळा व्यवहार तिथूनच चालतो.

व्यवहार कसला, तर हमालीचा! आतल्या भिंतीत मोठमोठी यंत्रं बसवलेली आहेत. सकाळी तुम्ही पोहे खाल्लेत ना, त्यांचे तुकडे होत होत शेवटी त्यातले इलेक्ट्रॉन या यंत्रांपर्यंत येतात आणि एका यंत्रातून दुसऱ्यात सोपवले जातात. तिसऱ्या यंत्रापासून चौथ्या यंत्रापर्यंत मात्र सलग वाट नाही. तिथे आपला हा फुटबॉल रिक्षासारखा धावतो. एका खेपेला एकच उतारू. उघड्या कडेतून इलेक्ट्रॉन आत येतो, लोहाच्या अणूवर बसतो, चौथ्या यंत्राशी उतरतो. असे चार उतारू पोहोचले की तिथे ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडतो आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. तुम्ही आत्ता नाकाने जो श्वास घेतलात, तो शेवटी कुठे जातो, याचं उत्तर हे आहे. या धावपळीतून मिळणाऱ्या शक्तीवर एटीपी नावाचं इंधन तयार होतं आणि त्यावर गाव चालतं.

इथे थोडा वेळ बसू आणि या रहिवाशाचा पत्ता माणसाला लागला कसा, ते ऐकू. त्यासाठी मनाने इंग्लंडला जाऊन यावं लागेल. वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात चार्ल्स मॅकमन हे मूळचे आयर्लंडचे डॉक्टर दवाखाना चालवत. रोगी तपासून झाले की तबेल्यावरच्या गवताच्या माळ्यावर जाऊन बसायचे. तिथे त्यांची प्रयोगशाळा! सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडायचा, प्राण्यांच्या स्नायूंचा पातळ तुकडा खाली ठेवायचा आणि प्रकाशाच्या सात रंगांच्या पट्ट्यात कुठे काळ्या रेघा उमटतात ते पाहायचं. १८८४ पासून त्यांनी लिहिलं की, हीमोग्लोबिनहून वेगळं असं एक रंगद्रव्य अनेक प्राण्यांच्या स्नायूंत आणि अवयवांत आहे आणि त्याचा संबंध श्वसनाशी असला पाहिजे. पण हीमोग्लोबिनला ज्यांनी नाव दिलं, त्या जर्मनीच्या फेलिक्स होप्पे-झायलर यांना हे मुळीच पटलं नाही. ते म्हणाले, हे तर हीमोग्लोबिनचेच बिघडलेले अवशेष! कुठे तो नामांकित प्राध्यापक आणि कुठे हा तबेल्यावरचा डॉक्टर. लोकांनी प्राध्यापकांचं ऐकलं. १९११ मध्ये मॅकमन वारले, तेव्हा त्यांचा शोध जवळजवळ विसरला गेला होता.

मग आले डेव्हिड कीलिन. जन्म मॉस्कोचा, घरचे पोलंडचे, शिक्षण पॅरिसला आणि नोकरी केंब्रिजला. किडे आणि परोपजीवी हा त्यांचा विषय. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळ्या ते तपासत होते. (या गोष्टीत घोडा वारंवार भेटतो, का ते पुढे कळेल.) या अळ्या हीमोग्लोबिनमुळे लाल असतात. अळीची माशी झाली की त्या हीमोग्लोबिनचं काय होतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. माशीच्या पंखांच्या स्नायूंवर वर्णपटदर्शक लावला, तर हीमोग्लोबिनच्या रेघा नाहीतच. भलत्याच चार रेघा! मग त्यांनी दुसरे किडे पाहिले, पाव फुगवण्याचं यीस्ट पाहिलं. सगळीकडे त्याच चार रेघा. यीस्ट पाण्यात कालवून परीक्षानळी जोराने हलवली, म्हणजे त्यात हवा मिसळली, की रेघा पुसल्या जायच्या. नळी स्थिर धरली की यीस्ट त्यातला ऑक्सिजन संपवायचं आणि रेघा परत उमटायच्या.

मला यातला सर्वांत आवडतो तो पतंगाचा प्रयोग. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळीचा एक पतंग असतो. कीलिननी असा जिवंत पतंग काचेवर चिकटवला आणि त्याच्या छातीतून येणारा प्रकाश तपासला. पतंग स्वस्थ असला की रेघा दिसत नसत. तो सुटायची धडपड करू लागला, पंख फडफडवू लागला, की रेघा ठळक! एक जिवंत प्राणी श्वासातला ऑक्सिजन कसा वापरतो, हे त्याला न कापता, न मारता कीलिन डोळ्यांनी पाहत होते. १९२५ मध्ये त्यांनी निबंध छापला, त्या रंगद्रव्याला ‘सायटोक्रोम’ म्हणजे ‘पेशीतला रंग’ असं नाव दिलं, त्याचे अ, ब, क तसे तीन प्रकार सांगितले आणि मॅकमन यांना त्यांचं श्रेय दिलं. मॅकमनना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

आपला हा ‘सी’ त्या तिघांतला तिसरा. तो छोटा आणि काटक, त्यामुळे पेशीतून अखंड बाहेर काढायला सोपा. घोड्याच्या हृदयात तो भरपूर मिळतो, म्हणून पहिला सखोल अभ्यास घोड्याच्या सायटोक्रोमवर झाला. (आलं लक्षात?) रिचर्ड डिकर्सन यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची तपशीलवार आकृती १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्राण्यांमधले मणी मोजले, तेव्हा आणखी गंमत दिसली. माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकही मणी वेगळा नाही. लालतोंड्या माकडात एक वेगळा. घोड्यात बारा. यीस्टमध्ये चाळिसाहून अधिक वेगळे, आणि तरी निम्म्याहून जास्त सारखेच! वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये या फरकांवरूनच सजीवांची वंशावळ मांडून दाखवली.

इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की या रेणूबद्दल कळायचं ते कळलं. इमानी हमाल आहे, बोळात राहतो, उतारू पोहोचवतो. संपलं. तसं नव्हतं.

आता आपल्या गावात दुपार झालीये. म्हणजे तुम्ही भर उन्हात क्रिकेट खेळताय आणि आई तिसऱ्यांदा हाक मारतेय. उन्हातले अतिनील किरण सात किलोमीटर खाली, थेट केंद्रकापर्यंत उतरतात आणि डीएनएमधली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. बहुतेक बिघाड पेशी दुरुस्त करते, तिच्याकडे तसे कारागीर आहेत. पण बिघाड फारच झाला तर? तशीच अर्धवट दप्तराची पेशी दुभंगत राहिली, तर तिच्या लेकी-नातींकडेही चुका जातील आणि त्यातूनच कधीतरी कॅन्सर उद्भवू शकतो. म्हणून पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन पहारा देत असतं. प्रकरण हाताबाहेर गेलं असं दिसलं, की ते पेशी संपवायचा हुकूम देतं.

हुकूम निघतो केंद्रकातून, पण त्याची अंमलबजावणी होते आपल्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर. एरवी पेशीत इकडेतिकडे भटकणारी बॅक्स नावाची प्रथिनं एकदम आकार बदलतात, भिंतीत घुसतात, तिथे आधीच असलेल्या बॅक नावाच्या भाऊबंदांसारखी कडी करून उभी राहतात आणि भिंतीला भगदाड पाडतात. एवढं मोठं, की फुटबॉल सहज बाहेर पडावा. घड्यांमधले कोनाडेही उघडतात. हुकूम निघाल्यापासून भगदाड पडेपर्यंत कित्येक तास जातील. पण एकदा सुरुवात झाली, की पाच-दहा मिनिटांत गावातल्या झाडून सगळ्या वाड्यांतला सायटोक्रोम-सी बाहेर!

बाहेर म्हणजे फार लांब नाही हं. अर्धा मीटर जाडीची एक भिंत, बस्स. पण त्या भिंतीपलीकडे ॲपॅफ-१ नावाची प्रथिनं अंगाचं मुटकुळं करून निवांत पडलेली असतात. सायटोक्रोम-सी जाऊन एकाला बिलगला की ते अंग उलगडतं. असे सात जण उलगडतात, एकमेकांना धरतात आणि सात आऱ्यांचं एक चाक तयार होतं. आपल्या मापाने बैलगाडीच्या चाकापेक्षा थोडं मोठं. प्रत्येक आऱ्यात एकेक सायटोक्रोम-सी बसलेला. या चाकाच्या मध्यभागी कॅस्पेझ जातीच्या कात्र्या येऊन जागृत होतात, त्या दुसऱ्या कात्र्यांना जाग आणतात, आणि त्या सगळ्या मिळून गाव कापायला लागतात. ज्या हमालाच्या जिवावर गाव श्वास घेत होतं, त्यानेच वर्दी दिलेली असते.

हे कळलं १९९६ साली. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात शियाओदोंग वांग आणि त्यांचे सहकारी एक विलक्षण गोष्ट करत होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी फोडून, त्यातला नुसता द्रव घेऊन, त्या द्रवात पेशीच्या मृत्यूचा कार्यक्रम सुरू करून दाखवायचा. त्यासाठी द्रवात काय काय असावं लागतं हे शोधण्यासाठी त्यांनी तो चाळून चाळून वेगळा केला. हाती आलेलं एक छोटं प्रथिन तपासलं, तर तो निघाला सायटोक्रोम-सी! वाड्यातला माणूस बाहेरच्या द्रवात कसा? तर पेशी फोडताना तंतुकणिकाही फुटत होत्या. मग त्यांनी साखर घातलेल्या पाण्यात, तंतुकणिका शाबूत राहतील अशा बेताने पेशी फोडल्या. आता द्रवात सायटोक्रोम-सी नव्हता आणि मृत्यूचा कार्यक्रमही सुरू होईना. वरून थोडा सायटोक्रोम-सी टाकला, की लगेच सुरू. पुढच्या वर्षी त्यांच्याच गटाला ॲपॅफ-१ सापडलं.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा नाहीतर मुलगी इथे हात वर करील. “पण सायटोक्रोम-सी तयार कुठे होतो?” फार चांगला प्रश्न! तो तयार होतो भिंतीच्या बाहेर, भर गावात. १०४ मण्यांची माळ तिथेच ओवली जाते. मग ॲपॅफ-१ तेव्हाच का जागं होत नाही? कारण तेव्हा माळेत हीमची चकती नसते. नुसती माळ ॲपॅफ-१ ला जागं करू शकत नाही. माळ भिंतीतून बोळात शिरते, तिथे असलेला एक कारागीर चकतीला ते दोन टाके घालतो, माळ चकतीभोवती गच्च बसते, आणि आता तिला परतीची वाट नसते. म्हणजे पेशीच्या द्रवात चकतीसकट सायटोक्रोम-सी दिसला, याचा अर्थ एकच. भिंत फुटली आहे. ही युक्ती मला तरी या सगळ्या गावातली सर्वांत हुशार युक्ती वाटते.

हमाली आणि वर्दी ही दोन कामं एकाच रेणूत असली, तरी ती वेगळी करता येतात का? उंदरांवर हे करून पाहिलं गेलं. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी सायटोक्रोम-सीचा फक्त ७२वा मणी बदललेले उंदीर तयार केले. असा सायटोक्रोम-सी इलेक्ट्रॉनची ने-आण नीट करतो, पण ॲपॅफ-१ ला जागं करू शकत नाही. या उंदरांच्या पेशी श्वास घेत होत्या. फक्त ठरल्या वेळी मरू शकत नव्हत्या. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मेंदूत नको इतक्या पेशी साठल्या आणि ती पिल्लं जन्माच्या सुमारासच दगावली.

कारण पेशीने मरणं हे फक्त उन्हाने पोळल्यावर लागत नाही. तुमचा हात पुन्हा समोर धरा, बोटं फाकवा. आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत तिथे बोटं नव्हती, उलथन्यासारखा एक चपटा पंजा होता. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मेल्या म्हणून बोटं सुटी झाली. बदकात त्या मरत नाहीत. त्याला पोहायचं असतं. आपण मघाशी पाहिलेली भगदाड पाडणारी दोन प्रथिनं, बॅक्स आणि बॅक, दोन्ही ज्या उंदरांत नाहीत, त्यांच्याही बोटांत पडदे राहिलेले २००० साली आढळले.

या मरणाला नाव आहे ‘अपोप्टोसिस’. १९७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन केर, ॲन्ड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी या तिघांनी ते वापरलं. तिथल्याच ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी त्यांना सुचवलं होतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, पानगळ. आणि खरंच, आपलं गाव आता तसंच मिटत चाललंय पाहा. आरडाओरड नाही, आग नाही. चटका बसून किंवा ठेचून पेशी फुटली, तर आतलं सगळं बाहेर सांडतं, सूज येते, ठणका लागतो. इथे तसं काही नाही. डीएनएचे सारख्या मापाचे तुकडे होतात, गाव आक्रसतं, त्याचे छोटे छोटे गाठोड्यांसारखे भाग होतात आणि त्यांच्यावर ‘उचला’ अशी खूण उमटते. शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. तुमच्या अंगात रोज अशा अब्जावधी पेशी जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

जाता जाता एका कृमीचं नाव घ्यायला हवं. मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटर लांबीच्या या कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात. दर वेळी त्याच! त्याचा माग काढणारे सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. कृमीतही ॲपॅफ-१ चा नातलग आहे, पण त्याला जागं करायला सायटोक्रोम-सी लागत नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि तो जरा गंभीर आहे. भिंतीला कुणीही उठून भगदाड पाडू नये, म्हणून तिच्यावर पहारेकरी असतात. त्यातल्या मुख्याचं नाव बीसीएल-२. तो बॅक्ससारख्यांना आणि त्यांना चिथावणाऱ्यांना पकडून ठेवतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये असे पहारेकरी भरमसाट होतात. मग बिघडलेल्या पेशीला हुकूम मिळतो, पण भिंत काही फुटत नाही. पेशी मरायची ती मरतच नाही. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथे डेव्हिड व्हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, बीसीएल-२ पेशींची वाढ वेगाने करत नाही, तो त्यांना फक्त मरू देत नाही. तोपर्यंत कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढंच समजलं जाई.

या पहारेकऱ्याच्या अंगावर एक खोबण असते. चिथावणाऱ्यांना तो त्याच खोबणीत अडकवून ठेवतो. नेमकी त्या खोबणीत जाऊन बसेल अशी गोळी शास्त्रज्ञांनी तयार केली. तिचं नाव व्हेनेटोक्लॅक्स. अमेरिकेत २०१६ मध्ये तिला मान्यता मिळाली. खोबण गोळीने भरली की चिथावणारे सुटतात, बॅक्स भिंतीत घुसतं आणि सायटोक्रोम-सी बोळातून बाहेर येतो. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ही गोळी पहिल्या आठवड्यात रोज फक्त २० मिलिग्रॅम देतात, मग ५०, मग १००, मग २००, आणि पाचव्या आठवड्यात ४००. सुरुवातीलाच पूर्ण दिली, तर इतक्या पेशी एकाच वेळी मरतात की त्यांचा कचरा उपसता उपसता मूत्रपिंडं थकून जातात.